शेळीचं कातडं आणि दुधाची प्लेट

१९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनची तीन पेडांची रचना मांडली. कातडी, हाडं, कंडरा यांना धरून ठेवणारं हे प्रथिन. त्याचे नमुने मिळवायला शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेची मदत झाली; क्ष-किरणांचं चांगलं चित्र मात्र ऑस्ट्रेलियातून आलेल्या कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेनं दिलं. नऊ वर्षांनी, १९६३ मध्ये, रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनाच्या साखळीला कुठल्या कोनांत वळता येतं आणि कुठल्या कोनांत तिचे अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा काढला. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना सोडवली की ती प्रसिद्ध करण्याआधी या नकाशावर तपासून घेतात.

मी पीएच.डी. केली ती त्याच परिसरात, चेन्नईच्या गिंडी-अड्यारच्या पट्ट्यात. २०१४ साली कोल्हापूरहून गेले तेव्हा रामचंद्रन यांचं नाव पाठ्यपुस्तकातून माहीत होतं. कांगारूची गोष्ट मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंनी, पहिल्याच आठवड्यात सांगितली. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला त्या ती सांगत. ती कंडरा कुणीतरी सोलली, साफ केली, बांधून एवढ्या लांब धाडली, आणि ती खराब असती तर मोठ्यातल्या मोठ्या बुद्धीलाही त्यातून काही दिसलं नसतं, एवढंच त्यांना सांगायचं असे. तेव्हा मी ते ऐकून घेतलं. त्यात किती आहे हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली.

आमचं कामही कातड्याचंच होतं. राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी हा पालार नदीकाठचा पट्टा तमिळनाडूच्या चामड्याच्या धंद्याचा. कातडं कमावण्याआधी त्यावरचे केस काढावे लागतात. त्यासाठी चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात. केसांचा लगदा होतो, सल्फाइड सांडपाण्यात उतरतं आणि त्या पाण्यात आम्ल मिसळलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, जो माणसाला मिनिटांत मारू शकतो. प्रदूषण करणाऱ्यानंच त्याची भरपाई करायची, हे तत्त्व आपल्या कायद्यात पक्कं करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल याच पट्ट्यातल्या टॅनऱ्यांविषयीचा. आणि ३१ जानेवारी २०१५ ला राणीपेटमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत कोसळून १० कामगार मेले. मी तेव्हा प्रयोगशाळेत नवी होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मॅडमनी बातमी वाचून दाखवली आणि आम्ही सगळे आपापल्या बाकांवर परतलो. पीएच.डी.चा विषय म्हणून जे एन्झाइम मी हातात घेतलं होतं, ते कुणाच्या जिवाशी जोडलेलं आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, वापरून सल्फाइड बरंच कमी करता येतं. केसाच्या मुळाभोवतीची प्रथिनं सोडवली की केस अख्खा निघून येतो. अट एकच: त्या एन्झाइमनं कोलॅजेनला हात लावता कामा नये. कोलॅजेन गेलं की कातडंच गेलं. आमच्याकडचं एन्झाइम बॅसिलस जिवाणूतलं, सबटिलिसिनच्या घराण्यातलं. याच घराण्यावर फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये आपला गाजलेला प्रयोग केला होता. बदल घडवायचे, त्यातले चांगले निवडायचे, निवडलेल्यांत पुन्हा बदल घडवायचे, असं करत तिसऱ्या पिढीत त्यांना सेंद्रिय द्रावकात मूळच्यापेक्षा २५६ पट चांगलं काम करणारं सबटिलिसिन मिळालं. या पद्धतीसाठी २०१८ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यांना मिळालं.

ऐकायला सोपं आहे. जनुकाच्या प्रती काढताना मुद्दाम चुका होऊ द्यायच्या. त्यासाठी मिश्रणात थोडं मँगनीज घालतात, म्हणजे प्रती काढणारं टॅक पॉलिमरेज अधिक चुका करतं. टॅक आम्ही विकत घेत नव्हतो, घरचंच बनवायचो, आणि त्याची एक ठरलेली वही होती, तिच्यात माझ्या आधीच्या सगळ्यांची अक्षरं होती. चुकीच्या प्रती जिवाणूंत घालायच्या, जिवाणू दुधाच्या प्लेटवर पसरायचे. जिवाणूची कॉलनी वाढते, तिच्यातून प्रोटिएझ बाहेर झिरपतं, दुधातलं केसीन तुटतं आणि पांढऱ्या प्लेटवर कॉलनीभोवती पारदर्शक वर्तुळ उमटतं. वर्तुळ मोठं, तर एन्झाइम तगडं. टूथपिकनं ती कॉलनी उचलायची आणि पुढच्या पिढीत न्यायची. शंभर अमिनो आम्लांच्या साखळीचेसुद्धा शक्य प्रकार १ वर १३० शून्यं इतके होतात. आपण त्यातले काही हजार पाहतो. म्हणजे उत्क्रांतीची दिशा ठरते ती पाहणाऱ्याच्या नजरेत आणि उचलणाऱ्याच्या बोटांत.

त्याही आधी ती ठरते प्लेट ओतणाऱ्याच्या हातात. आमच्याकडे प्लेट्स अण्णा ओतायचे. ते अटेंडर होते, तांबरमकडून लोकलनं येत, आणि आम्ही पोचायच्या आत ऑटोक्लेव्हचा पहिला घाणा उतरवून ठेवलेला असे. दूध आणि आगर एकत्र उकळलं तर दूध करपून तपकिरी होतं, म्हणून दोन्ही वेगवेगळं निर्जंतुक करून नंतर मिसळायचं. फार गरम असताना ओतलं तर झाकणावर पाणी धरतं आणि ते टपकून कॉलन्या एकमेकींत वाहतात. फार गार झालं तर गुठळ्या. चेन्नईच्या मे महिन्यात हे गणित रोज बदलतं. अण्णांच्या खणात गवंड्याची पाणसळ होती. ओतण्याआधी ते ती टेबलावर दोन्ही दिशांनी ठेवून पाहत आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारत.

ही पाणसळ कशासाठी, हे मी त्यांना विचारलं. त्यांच्या तमिळमधलं मला निम्मं कळलं, उरलेलं त्यांनी दोन प्लेट्स उजेडात धरून दाखवलं. प्लेट तिरपी ओतली गेली तर एका बाजूला आगर जाड होतं, दुसरीकडे पातळ. तेच एन्झाइम जाड बाजूला लहान वर्तुळ काढतं आणि पातळ बाजूला मोठं. मग आपण उत्तम प्रथिन निवडत नाही, प्लेटची पातळ बाजू निवडतो, आणि हे पुढच्या चार पिढ्यांत कुणाच्या लक्षात येत नाही. शोधनिबंधांच्या कार्यपद्धतीत याविषयी असतं एक वाक्य: स्किम मिल्क आगरवर चाचणी केली. माझ्या मते आमच्या सगळ्या निवडीचा पाया त्या पाणसळीवर उभा होता.

प्रयोगशाळेत आम्ही मुलं-मुली असू आठ-दहा, कमी-जास्त होत. तिरुनेलवेलीची एक, तमिळ माध्यमातून आलेली, हाताला अतिशय स्थिर. केरळचा एक पोस्ट-डॉक. ओडिशाचा एक मुलगा, जो बाकावर फारसा नसेच, संगणकावर असे. त्याचं काम मला सर्वांत विलक्षण वाटायचं. आज हयात असलेल्या शेकडो जिवाणूंतली सबटिलिसिनं शेजारी ठेवून त्यांच्या लोप पावलेल्या पूर्वजाची साखळी कशी असेल, हे तो काढायचा. असं करता येईल हे लायनस पॉलिंग आणि एमिल झुकरकांडल यांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलं होतं. रामचंद्रन यांच्या नकाशाचंच वर्ष. काढलेल्या पूर्वजाचं जनुक रासायनिक पद्धतीनं बनवून मागवायचं, जिवाणूत घालायचं, आणि करोडो वर्षांत पृथ्वीवर नसलेलं प्रथिन परीक्षानळीत उतरायचं. असे पूर्वज अनेकदा आजच्या वंशजांपेक्षा जास्त उष्णता सोसतात. ते खरंच तसे होते की हिशेबाच्या पद्धतीमुळे तसे दिसतात यावर तज्ज्ञांत वाद आहे. आमच्यात तो वाद पोंगलच्या सुट्टीतही फोनवर चाले. पूर्वजाला आरंभ मानून पुढची पिढी घडवायची ही त्या मुलाची कल्पना, आणि ती चांगली निघाली, कारण घट्ट बांध्याच्या प्रथिनाला अधिक बदल सोसतात.

चौथ्या पिढीत आम्हाला एक कॉलनी मिळाली, जिच्याभोवतीचं वर्तुळ प्लेटच्या कडेपर्यंत पोचत होतं. सगळी प्रयोगशाळा ती पाहायला जमली. मॅडमनीही पाहिली आणि म्हणाल्या, आता ही राणीपेटला न्या. आम्ही शुद्ध केलेलं एन्झाइम बर्फात घेऊन एका लहान टॅनरीत गेलो. तिथले मेस्त्री साठीचे. शेळीच्या ओल्या कातड्याचे तुकडे आमच्या द्रावणात रात्रभर ठेवले. सकाळी केस हातानं पुसावेत तसे निघून आले. आम्हा मुलांचे चेहरे खुलले. मेस्त्रींनी तुकडा उचलला, पाण्यात हलवला, आणि वरच्या बाजूवरून, जिला धंद्यात ग्रेन म्हणतात तिच्यावरून, अंगठा फिरवला. एकदाच. मग तो तुकडा बाजूला टाकला. दुसरा घेतला, तोही टाकला. ग्रेन उठला होता, इथं-तिथं भुसभुशीत झाला होता. आमच्या एन्झाइमनं कातड्याचं शरीरच खायला घेतलं होतं.

या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना एक नियम ठाऊक असतो: तुम्ही जे तपासाल तेच तुम्हाला मिळेल. आम्ही दूध तपासत होतो, म्हणून आम्हाला दूध उत्तम खाणारं एन्झाइम मिळालं. कोलॅजेन सोडून दे, असं आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं. नियम मॅडमना माहीत होता, आम्हालाही पाठ होता. पण दुधाची चाचणी स्वस्त, जलद आणि डोळ्यांना दिसणारी असते, आणि हजारो कॉलन्या पाहायच्या तर दुसरं काही परवडत नाही. म्हणून पहिली चाळणी दुधाचीच ठेवून आम्ही दुसरी बसवली. निळा रंग चढवलेली कातड्याची भुकटी मिळते. तिच्यातून ज्या एन्झाइममुळे निळा रंग सुटून पाण्यात उतरेल, ते बाद. इतके दिवस वर्तुळ मोठं आलं की आनंद व्हायचा. आता चाचणीच्या ज्या खळग्यात पाणी स्वच्छ राही, त्यातलं एन्झाइम आम्ही पुढे नेऊ लागलो. तिसरी चाळणी मेस्त्रींची. दर पिढीतले उरलेले थोडे उमेदवार राणीपेटला जात.

मेस्त्रींनी आमच्या तुकड्यांना एक ते पाच अशी श्रेणी द्यावी असं ठरलं. कुठला तुकडा कशात भिजला होता हे त्यांना न सांगता, तेच तुकडे क्रम बदलून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवले. त्यांची श्रेणी दोन्ही वेळा जवळजवळ तीच आली. निबंध पाठवला तेव्हा परीक्षकानं यंत्रानं केलेलं मोजमाप मागितलं. ते रास्तच होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतू पाहिले. अंगठ्यानं जे बाद केलं होतं तिथंच तंतू विसकटलेले होते. त्या सूक्ष्मदर्शकासाठी आमचा नंबर लागायला जितके आठवडे गेले, तेवढ्या वेळात मेस्त्रींनी आमच्या दोन पिढ्या तपासून दिल्या होत्या.

एक गोष्ट मला त्या काळात फार लागली. मी कोल्हापूरची. चपलेचं नाव जगभर झालेलं गाव. पण कातडं कमावतात कसं, ते कोण करतं, त्यांची वस्ती कुठं, हे मी गावात असताना पाहायला कधी गेले नव्हते, आणि मला कुणी नेलंही नव्हतं. ज्या जातींच्या हाती हे काम पिढ्यानपिढ्या राहिलं, त्यांच्या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणून मोजलं नाही. राणीपेटमध्ये मेस्त्री मला चुन्याच्या हौदापाशी उभं करून कातड्याची पाठ, पोट, मान यांतला फरक समजावत होते, तेव्हा मी इतक्या लांब येऊन जे शिकत होते, ते घरापासून चालत जाऊन शिकता आलं असतं.

डिसेंबर २०१५ च्या पुराविषयी चेन्नईतल्या प्रत्येक प्रयोगशाळेकडे सांगण्यासारखं आहे. १ डिसेंबरच्या पावसानंतर अड्यार नदी शहरात शिरली. कोट्टूरपुरमच्या घरांत पाणी, विमानतळ बंद, आणि दुसऱ्या दिवशी 'द हिंदू' छापलं गेलं नाही, १८७८ पासून पहिल्यांदाच. आमची इमारत उंचावर होती, पण वीज गेली. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आमच्या सगळ्या पिढ्या होत्या, आणि माझ्या आधीच्या लोकांच्याही: मार्करनं लिहिलेल्या, अक्षर ओळखता येईल अशा हजारो लहान नळ्या. जनरेटरचं डिझेल संपत आलं. आवारात राहणारे आम्ही काही जण फ्रीझर उघडू न देता राखत बसलो, आणि अण्णा, ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं, दुसऱ्या दिवशी डिझेलचा कॅन घेऊन आले. कुटुंबाला बहिणीच्या माडीवर पोचवून ते आले होते. मॅडमनी त्यांना परत जायला सांगितलं. फ्रीझरचं तापमान पाहिल्याशिवाय ते गेले नाहीत.

२०१९ चा उन्हाळा त्याच्या उलट. शहराला पाणी देणारे तलाव कोरडे पडले. जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. ऊर्ध्वपातनाच्या काचेच्या यंत्रात एक लिटर शुद्ध पाणी मिळवायला थंड करणारं कितीतरी लिटर पाणी वाहून जातं. भांडी धुणाऱ्या अक्कांनी त्या वाहत्या पाण्याच्या नळीखाली पिंप लावलं आणि त्यावर भांड्यांची पहिली धुणी सुरू केली. त्या महिन्यात आमचं काम थांबलं नाही ते यामुळे. अक्कांच्या स्वतःच्या गल्लीत टँकर दिवसाआड येई, त्या दिवशी त्या उशिरा येत आणि उशिरापर्यंत थांबत.

आमच्या महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पुजतात. चेन्नईच्या प्रयोगशाळेत तो दिवस आयुधपूजेचा. सेंट्रिफ्यूज, पीसीआर यंत्र, ऑटोक्लेव्ह सगळं पुसून त्यांना चंदन-कुंकू लागे, दाराला केळीची झाडं, चुरमुरे-डाळं-गुळाचा प्रसाद, आणि शेवटी दारात कोहळा फोडत. पूजेची मांडणी अण्णा आणि अक्काच करत आणि त्या दिवशी कुठलंही यंत्र चालवू देत नसत. मॅडम स्वतः पूजाअर्चा करणाऱ्या नव्हत्या, पण त्या सकाळी नेमानं येत आणि अण्णांच्या हातून प्रसाद घेत.

आता प्रश्न माणसं निवडण्याचा. शिष्यवृत्ती मी गेले तेव्हा महिना २५,००० रुपये झाली होती, २०१९ ला ३१,०००, पुढे २०२३ पासून ३७,०००. आकडा वाढतो, पण पैसे अनेकदा महिनोन् महिने उशिरा येतात, आणि तो काळ घरून मदत मिळणाऱ्याला निभावता येतो, इतरांना नाही. तिरुनेलवेलीची ती मुलगी, जिच्या टूथपिकनं आमच्या शेवटच्या पिढीतली उत्तम कॉलनी उचलली, पुढच्या शिक्षणाच्या मुलाखतीत इंग्रजीत अडखळली आणि तिला जागा मिळाली नाही. कुठल्या संस्थेत हे मी लिहीत नाही; ते कुठेही होऊ शकतं. मुलाखतीत वीस मिनिटं बोलणं तपासतात, म्हणून बोलणारे मिळतात. वर्षभर कॉलन्यांकडे पाहून वर्तुळाच्या काठातला फरक ओळखणारे डोळे त्या चाळणीत दिसत नाहीत. ती आता एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे, चांगली आहे. विज्ञानानं एक निवडणारी गमावली असं मला आजही तीव्रतेनं वाटतं.

अण्णा निवृत्त झाले आणि ती जागा भरली गेली नाही. आता कंत्राटानं माणूस येतो, तो काही महिन्यांत बदलतो, आणि त्याला पाणसळ दाखवेपर्यंत त्याचं कंत्राट संपतं. प्रकल्पांना पैसा बहुधा तीन वर्षांचा मिळतो, त्यात माणसंही तीन वर्षांपुरतीच धरता येतात. रसायनं आणि यंत्रं यांच्यासाठी मागणी लिहायला अर्जात रकाने असतात. वीस वर्षं एका जागी राहून हात तयार करणाऱ्या तंत्रज्ञासाठी मी भरलेल्या एकाही अर्जात रकाना नव्हता. आता मी पुण्यात शिकवते आणि असे अर्ज दरवर्षी भरते. इतर खर्चाच्या रकान्यात मी अटेंडरच्या पगाराची मागणी लिहिते, सोबत स्वतंत्र पानावर तिरप्या प्लेटचं गणित जोडते: जाडी किती बदलली की वर्तुळ किती बदलतं, आणि त्यामुळे चौथ्या पिढीत कुठलं प्रथिन हाती येतं. एकदा समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी त्या पानावर बराच वेळ प्रश्न विचारले. पगार मंजूर झाला नाही. यंदा तेच पान मी राणीपेटच्या श्रेणींच्या तक्त्यासह पुन्हा जोडलं आहे.